गाडी कोण उतरवणार?

कॅलिफोर्नियात गांजाचा धंदा उघडपणे, कायद्याने करता येतो. त्यासाठी सरकारी परवाना लागतो आणि परवान्याला एक चमत्कारिक अट आहे. कामगार दहा किंवा जास्त असतील तर मालकाने युनियनबरोबर ‘शांतता करार’ करायलाच हवा. युनियनने संप-बहिष्कार करून धंदा अडवायचा नाही, आणि मालकाने युनियनला कामगारांपर्यंत पोचण्यापासून अडवायचं नाही. जुलै 2024 आधी ही मर्यादा वीस कामगारांची होती. पिंपरी-भोसरीच्या माणसाला हे उलटंच वाटेल. इथे युनियनचा फलक गेटवर लागतो तो कारखाना जुना झाल्यावर, बहुधा एखादं भांडण पार पडल्यावर. तिथे मात्र दुकानाचं शटर वर जायच्या आधीच युनियन दारात हजर!

पण दारातच कामगाराचा हक्क नोंदवून ठेवायची याहून अजब युक्ती महाराष्ट्राने 1969 सालीच केली आहे. चाकणच्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत अडकलेला माणूस रोज त्या युक्तीच्या शेजारून जातो.

मोटारींच्या कारखान्यांत आता सुटे भाग महिनोन्‌महिने साठवून ठेवत नाहीत. लागतील तसे, तासांच्या हिशेबाने ट्रक येतात. ट्रक आला आणि उतरला नाही तर आत असेंब्ली लाइनवर हात रिकामे राहतात. रोबो वेल्डिंग करतो, रंग मारतो. पण खोका गाडीतून खाली यायलाच हवा. हे काम करणारा हमाल नेमका कुणाचा नोकर? सकाळी एका गोदामात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी चाकणच्या बाजारात कांद्याची पोती. मालक तीन, आणि तिघेही म्हणणार, ‘आमचा नाही.’ ग्रॅच्युइटी मिळायची तर साधारणपणे एकाच मालकाकडे सलग पाच वर्षं नोकरी लागते. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारण वीस माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला लागतो. दोन कारकून ठेवून धंदा करणारा अडत्या त्यात बसत नाही. म्हणजे जन्मभर पोती वाहिली तरी कायद्याच्या डोळ्यांना हा माणूस दिसणारच नाही.

मुंबईच्या बाजारांतल्या हमालांना अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलं आणि त्या लढ्यातून 1969चा माथाडी कायदा आला. त्यामागची कल्पना गोदीतून आलेली. 1948च्या कायद्याने गोदी कामगारांना एका मंडळाकडे नोंदवून, पाळीपाळीने जहाजांवर पाठवायची सोय झाली होती. तीच गोष्ट बाजारपेठेत आणि पुढे कारखान्यांच्या दारात आणली गेली.

तिची रचना बघा. कामगाराची नोंद मंडळाकडे, मालकाचीही नोंद मंडळाकडे. मंडळावर कामगार आणि मालक यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने, शिवाय सरकारचे. हमालांची टोळी काम करते, मजुरीचा हिशेब होतो, पण पैसे टोळीच्या हातात पडत नाहीत. मालक ती रक्कम मंडळाकडे भरतो आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरतो. मजुरी मंडळ देतं. लेव्हीतून निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधोपचार यांची सोय होते. काल भोसरीत आणि आज चाकणला घाम गाळला, तरी सगळं एकाच खात्यावर चढतं. मालक बदलत राहतात, नोकरी तुटत नाही. कामगार कायद्यांच्या रुक्ष जंगलात मला इतकी देखणी कल्पना दुसरी सापडलेली नाही. कोण मालक, या प्रश्नाचं उत्तर शोधण्याऐवजी तिने तो प्रश्नच बाजूला सारला.

भरणं, उतरवणं, थप्पी लावणं, वाहणं, तोलणं, मोजणं, पोती शिवणं, निवडणं, साफ करणं अशी कामांची यादीच कायद्याला जोडलेली आहे. ती वाचताना आख्खा मार्केट यार्ड डोळ्यांपुढे येतो. फोर्कलिफ्ट मात्र तिच्यात नाही. पॅलेटवर रचलेला माल यंत्राने उचलला तर ते माथाडी काम की नाही, यावर आज चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाद रंगतात. कायद्यातला ‘असंरक्षित कामगार’ म्हणजे, थोडक्यात, या यादीतलं काम अंगमेहनतीने करणारा. इतर कायद्यांचं संरक्षण असलेला कामगारही त्यात येतो का, यावर किती वकिलांची पोटं भरली असतील!

आता बाजू उलटी. दारातून आत जायचा हक्क कागदाने दिला की त्या दाराची किंमत वाढते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणचे उद्योजक वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत: कारखान्याचं बांधकाम चालू असतानाच माथाडीच्या नावाने माणसं येतात, गाडी आमचीच टोळी उतरवणार म्हणतात, आणि गाडी यंत्राने रिकामी झाली तरी वाराई, म्हणजे गाडी उतरवण्याचे पैसे, मागतात. काम कुणी केलंच नाही, पैसे मात्र हवेत. पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय 2018 मध्ये झालं. त्यात खंडणीविरोधी पथक आहे आणि अशी प्रकरणं त्याच्याकडे येतात. माझ्या मते यात पहिला बळी कारखानदाराचा जात नाही. बदनाम होतो तो खरा माथाडी, ज्याच्या नावाची पाटी दुसऱ्याच कुणीतरी लावलेली असते.

कॅलिफोर्नियाही यातून सुटलेलं नाही. परवान्याला कराराचा कागद लागतो म्हटल्यावर असा कागद सहज देणाऱ्या संघटना उगवल्या. त्यांतल्या एकीला तिथल्या शेतमजूर संबंध मंडळाने खरी कामगार संघटना मानायला नकार दिला. शेजारच्या ओरेगॉनमध्ये मतदारांनी नोव्हेंबर 2024 मध्ये अशीच अट मंजूर केली, आणि मे 2025 मध्ये संघीय न्यायालयाने ती रद्द ठरवली.

चाकणमध्ये खरा-खोटा ओळखायची खूण माथाडी कायद्याच्या रचनेतच आहे. नोंदीत टोळीच्या मजुरीचा आणि लेव्हीचा भरणा जातो मंडळाच्या खात्यात. गेटवर उभा राहून जो रोख मागतो, त्याला मालकाने फक्त मंडळाचा नोंदणी क्रमांक विचारायचा.