रोवणीच्या दिवसांतली निंबोळी

भंडारा जिल्ह्यातल्या आंबागडच्या परिसरात निंबोळी पिकून झाडाखाली पडू लागते ती जून-जुलैत, आणि नेमकी तेव्हाच धानाची रोवणी येते. बाया पहाटेपासून बांधीतल्या चिखलात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, रोवत असतात. रोवणीची मजुरी सोडून निंबोळ्या वेचायला कोण जाईल? वनस्पतीजन्य कीटकनाशकांवर लिहा, असे संपादकांनी सांगितले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कारखाने आणि प्रयोगशाळा होत्या. विषयात शिरल्यावर मात्र सगळे धागे तुमसर तालुक्यातल्या या दोन हंगामांच्या टकरीपाशी येऊन थांबले.

आंबागडचा किल्ला देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याच्या काळातला, 1700 च्या सुमाराचा. पुढे नागपूरच्या भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला, आणि आतल्या विहिरीचे दूषित पाणी पिऊन कैदी मरत, अशी आख्यायिका गॅझेटियरमध्ये आहे. आज या मुलखात विष येते ते कृषी केंद्रातून, डब्यात, बहुधा उधारीवर. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पोचले. त्याच वर्षी पूर्व विदर्भात धानावर तुडतुडे असे पडले की सरकारला कपाशीच्या बोंडअळीबरोबर त्यासाठीही मदत जाहीर करावी लागली. दोन्ही बातम्या एकाच विदर्भातल्या, एकाच हंगामातल्या. त्या शेजारीशेजारी ठेवून वाचल्या की सौम्य औषधाची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

सौम्य औषध म्हणजे प्रामुख्याने निंबोळीतले अझॅडिरॅक्टिन. 1962 मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान आणि सहकाऱ्यांनी दाखवले की निंबोळीच्या गराचे अगदी पातळ द्रावण फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत. 1968 मध्ये इंग्लंडात बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी त्यातले मुख्य द्रव्य वेगळे काढले. त्याची नेमकी रचना कळायला 1985 उजाडले. मग केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाने ते प्रयोगशाळेत घडवायला घेतले आणि 22 वर्षे खपून 2007 मध्ये ते साधले, तेही इतक्या टप्प्यांनी आणि इतके थोडे की त्यावर कारखाना चालणे शक्य नाही. मला या द्रव्याच्या हट्टाचे कौतुक वाटते. जगातली कोणतीही कंपनी असो, तिला शेवटी झाडाखाली पडलेल्या फळाकडेच यावे लागते.

त्याचे काम करण्याची रीतही वेगळी आहे. अळीची भूक मरते, आणि कात टाकण्यासाठी तिच्या शरीरात जे संप्रेरक लागते त्याची घडी विस्कटते. जुन्या कातडीत अडकून ती काही दिवसांनी मरते. शेतकऱ्याला मात्र सकाळी बांधीत मेलेली कीड दिसायला हवी असते, कारण औषधाचे पैसे त्याने मोजलेले असतात.

घरचा 5 टक्के निंबोळी अर्क विदर्भाला नवा नाही. पाच किलो सुक्या निंबोळ्या कुटायच्या, भुकटी रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, त्यात साबणाचा चुरा विरघळवून पाणी शंभर लिटर करायचे आणि त्याच दिवशी फवारायचे. व्यापारी उत्पादनात हेच द्रव्य मोजून भरलेले असते, 300 पीपीएमपासून (दहा लाख भागांत 300 भाग) 50,000 पीपीएमपर्यंत, आणि केंद्रीय नोंदणीशिवाय ते विकता येत नाही.

या व्यापाराचा एक मोठा निकाल मराठी माणसाच्या साक्षीने लागला. बुरशीविरुद्ध कडुनिंबाचे तेल वापरण्याच्या पद्धतीवर अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना 1994 मध्ये युरोपीय पेटंट मिळाले होते. पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आव्हान दिले. त्या सुनावणीत पुण्याचे उद्योजक अभय फडके यांनी 1985 आणि 1986 च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर घेतलेल्या चाचण्या मांडल्या. मे 2000 मध्ये पेटंट रद्द झाले, मार्च 2005 मध्ये अपीलही फेटाळले गेले. ज्ञान आपलेच ठरले. माल गोळा करण्याची सोय मात्र त्याने झाली नाही.

धानात तर अडचणींची रांगच लागते. तपकिरी तुडतुडा चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसतो. दाट रोवणीत वरून मारलेला फवारा तिथवर उतरत नाही. पट्टा पद्धतीने मोकळी जागा सोडली तरच नळी आत जाते. ऊन लागले की अझॅडिरॅक्टिन विघटित होते, म्हणून फवारा संध्याकाळी घ्यावा लागतो. झड लागली की तेही धुऊन जाते. तुडतुडे वाढल्यावर घेतलेली फवारणी उशिराच ठरते, कारण या औषधाचा गुण सुरुवातीला, कीड कमी असताना येतो.

बाजारातली अडचण याहून बिकट. 2015 पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे आवरण सक्तीचे झाले. त्या तेलासाठी निंबोळी विकत घेणाऱ्याला बीमध्ये अझॅडिरॅक्टिन किती आहे याच्याशी देणेघेणे नसते, त्याला वजन हवे. ओली बी जड भरते. पावसात पडून राहिलेल्या फळाला बुरशी येते, ढिगात ते तापते, आणि ज्या द्रव्यासाठी सारा खटाटोप तेच कमी होते. गर लगेच धुऊन काढायला हवा, बी सावलीत वाऱ्यावर सुकवायला हवी, आणि हे सगळे रोवणीच्या दिवसांत, भर पावसाळ्यात, घरात धानाचे पोते ठेवायला जागा नसताना. वरून ‘निम’ लिहून आत रासायनिक कीटकनाशक भरलेल्या बाटल्यांनी प्रामाणिक उत्पादकाचे नावही घालवले आहे. एकदा फसलेला शेतकरी खऱ्या बाटलीकडेही संशयानेच बघतो.

मे महिन्यात याच भागात तेंदूपाने तोडली जातात. फळी, म्हणजे खरेदीचे केंद्र, लागते, पुडके मोजले जाते, दर आधीच ठरलेला असतो. निंबोळीला अशी फळी लागायला हवी, असे माझे ठाम मत आहे. दूध संकलन केंद्रावर फॅट बघून भाव देतात, तसा इथे अझॅडिरॅक्टिनच्या टक्क्यावर भाव हवा. त्यासाठी तपासणीचे यंत्र गावात असायची गरज नाही. पोत्यागणिक नमुना शहरातल्या प्रयोगशाळेत गेला आणि उरलेले पैसे निकालानंतर मिळाले तरी चालेल. गावात हवे ते गर काढायचे यंत्र, पत्र्याची हवेशीर शेड, सुकवायला जाळीचे मांडव, आणि वेचणाऱ्या बाईला रोवणीच्या मजुरीइतका रोख दाम. तो दाम औषधाच्या किमतीत धरला तर बाटली महागते, आणि कृषी केंद्राच्या फळीवर तिच्या शेजारी उधारीने मिळणारा जहाल डबा आणखी स्वस्त दिसू लागतो.