गोदामातील उडता मोजणीदार



गोदाम म्हटले की माल आत येणे आणि बाहेर जाणे, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. तिसरे काम दिसत नाही, ते मोजणीचे. वहीत शंभर पेट्या आणि मांडणीवर अठ्ठ्याण्णव निघाल्या, तर त्या दोहोंचा जाब प्रथम हमालाला आणि कारकुनाला विचारला जातो. म्हणून मोजणी कोण करतो हा प्रश्न हिशेबाचा आहे, तसाच अब्रूचाही आहे.

उंच मांडण्यांवरचा माल मोजण्यासाठी माणसाला वर चढवावे लागते. चिठ्ठी वाचायची, खाली यायचे, पुन्हा वर जायचे. हे काम आता काही ठिकाणी ड्रोन करतो. छताखाली उपग्रहाचे संकेत नीट पोचत नाहीत. म्हणून गोदामात बसविलेल्या रेडिओ-संकेतकांच्या किंवा स्वतःच्या कॅमेऱ्यांच्या आधारे तो आपली जागा ओळखतो. प्रत्येक खणाचे छायाचित्र घेतो, बारकोड वाचतो, संगणकातील नोंदीशी ताळा पाहतो, तफावतींची यादी देतो आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बॅटरी भरून घेतो. आयकियाची बहुतेक दुकाने चालविणाऱ्या इंगका समूहाने २०२३ साली सांगितले, की बेल्जियम, जर्मनी, इटली आदी सात देशांतील १६ ठिकाणी आपले १०० ड्रोन काम करीत आहेत. त्या वेळी ते गोदाम बंद असताना उडत असत.

माणसाचे उंचावरचे धोक्याचे काम वाचत असेल, तर त्याला आपण विरोध का करावा? करू नये. परंतु या यंत्राची मर्यादा ओळखावी. ड्रोन चिठ्ठी वाचतो, पेटी उघडत नाही. चिठ्ठीवर बारा आणि आत दहा असले, तर त्याच्या लेखी बाराच. चिठ्ठी फाटली किंवा झाकली गेली, की तो अडतो. मग खात्री करायला माणूसच पाठवावा लागतो.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. जो डोळा पेटी पाहतो, तो माणसालाही पाहू शकतो. जर्मनीत १९७२ च्या कायद्याचे ८७ वे कलम असे आहे, की कामगारांच्या वागणुकीवर किंवा कामावर देखरेख ठेवू शकणारे यंत्र आणताना, जेथे निवडून आलेले कामगार-मंडळ आहे तेथे त्याची संमती घ्यावी लागते. एकमत झाले नाही, तर प्रश्न तडजोड-मंडळापुढे जातो. म्हणजे यंत्र अडत नाही, पण त्याच्या अटी दोघे मिळून ठरवितात.

आपल्या भिवंडीच्या गोदामांत काम करणाऱ्यांनी यातून तीन मागण्या आधीच लिहून ठेवाव्यात. मोजणीच्या कामावरील माणसाला पगार न घटविता दुसरे काम शिकवावे. यंत्राने तफावत दाखविली, तर माणसाने पेटी उघडून पाहिल्याखेरीज कोणावर ठपका ठेवू नये. आणि मालाचे चित्र मालाच्याच हिशेबाला वापरावे.

यंत्र दारात आल्यावर सभा भरविण्यात अर्थ नसतो. करार त्याआधी व्हावा, एवढीच माझी विनंती आहे.