३२ बिटांवरून ८ वर

न्यूरल नेटवर्कची गणितं वर्षानुवर्षं ३२ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट संख्यांत चालत आली: १ बिट चिन्हाला, ८ घातांकाला, २३ मँटिसाला, म्हणजे प्रत्यक्ष अंकांना. १६ बिटांच्या प्रमाणित रचनेत घातांकाला ५च बिट. त्यामुळे ६५,५०४ च्या फार पुढची संख्या मावत नाही आणि प्रशिक्षणातले बारीक ग्रेडियंट शून्य होऊन बसतात. गूगल ब्रेनच्या बीफ्लोट१६ ने घातांकाचे आठही बिट राखले. कात्री लागली मँटिसाला, उरले ७. अचूकता जेमतेम दोन-तीन दशांश अंकांची. नेटवर्कला ती पुरते, बँकेच्या खतावणीला पुरणार नाही!

खरी बचत चिपवर. गुणाकार करणाऱ्या सर्किटची जागा ढोबळमानाने मँटिसाच्या बिटांच्या वर्गाइतकी वाढते. मँटिसाच्या सुरुवातीचा, न साठवता गृहीत धरलेला एक बिट मिळवला, तर ३२ बिटांच्या रचनेत २४ चा वर्ग ५७६ आणि बीफ्लोट१६ मध्ये ८ चा अवघा ६४.

२०२२ मध्ये एनव्हिडिया, आर्म आणि इंटेल यांनी ८ बिटांच्या दोन रचना मांडल्या. ई४एम३ (घातांकाला ४ बिट, मँटिसाला ३) ४४८ वरच थांबते. ई५एम२ ५७,३४४ पर्यंत जाते, पण तिच्या मँटिसाला २च बिट. म्हणून ती मुख्यतः ग्रेडियंटसाठी. ७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ३२ बिटांत २८ जीबी मेमरी खातं, ८ बिटांत ७.