मासेमारी साहित्याची दुकाने

मासेमारी साहित्याची दुकाने : गळ, दोरा, जाळी, शिसे, तरंगक इ. मासेमारीची साधने किरकोळीने विकणारी स्वतंत्र मालकीची लहान दुकाने. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात अशा मालाला गिऱ्हाईक असावे, हे प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. त्याचे कारण जिल्ह्यातील जलाशयांत आहे. अकोले तालुक्यात प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. पुढे राहुरी तालुक्यात मुळा धरण झाले. जायकवाडीच्या नाथसागराचे पाणी (१९७६) नेवासे व शेवगाव तालुक्यांत आणि उजनीचे (१९८०) कर्जत तालुक्याच्या सीमेपर्यंत पसरले.

गळाने मासे धरण्याची विद्या या प्रदेशास नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (सु. ११३०) या ग्रंथातील ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणात दोरी, काठी व निरनिराळ्या माशांना लावावयाची आमिषे यांचे वर्णन आढळते. तथापि साधने विकत घेण्याची पद्धत अलीकडची होय. पूर्वी भोई व कोळी कुटुंबे सुती किंवा तागाच्या दोऱ्याची जाळी घरीच विणीत आणि ती कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात उकळीत. नदीच्या डोहात फेकजाळे (पाग) व गळ एवढ्याने काम भागे. नायलॉन आले, जलाशयांत रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले जाऊ लागले आणि खोल पाण्यात लांब जाळी लावण्याची गरज निर्माण झाली. न कुजणारे, यंत्रावर विणलेले जाळे घरी करणे शक्य नसल्याने ते बाजारातून आणणे ओघानेच आले.

जलाशयांजवळच्या बाजारगावी हा माल बहुधा दोर, सुतळी, कासरे व ताडपत्री यांच्या शेजारीच मिळतो. जाळ्याचे कापड वजनावर विकतात. त्याचा आस (घराचा आकार) सामान्यतः बोटांनी मोजला जातो. धाग्याची जाडी डेनियरमध्ये, म्हणजे ९,००० मी. धाग्याच्या ग्रॅममधील वजनाने, सांगतात. एकपदरी पारदर्शक धाग्यास तंगूस म्हणतात. गळांचे क्रमांक नवख्यास चकवितात : १ पासून पुढे क्रमांक वाढत जातो तसतसा गळ लहान होतो, १/०, २/० या मालिकेत मात्र तो मोठा होत जातो. विकत घेतलेले कापड म्हणजे तयार जाळे नव्हे. वरच्या दोरीला तरंगक, खालच्या दोरीला शिसे आणि दोहोंमध्ये कापड सैल बसवावे लागते. ताणलेले १०० मी. कापड दोरीवर सु. ५० मी. बसविले, तर आस चौकटीसारखे उघडे राहतात व मासा कल्ल्यांपाशी अडकतो. कापड अधिक ताणले, तर आस मिटतात. अनुभवी दुकानदार ही गोष्ट गिऱ्हाइकास दोरीच्या तुकड्यावर करून दाखवितो. या दुकानांचे खरे आकर्षण यातच आहे.

मत्स्यव्यवसाय खात्याने सहकारी संस्थांच्या सभासदांना सूत व जाळी सवलतीने देण्याच्या योजना राबविल्या. परंतु दहा गळ, पाव किलो शिसे किंवा फाटक्या जाळ्यापुरता दोरा अशी गरज योजनेत बसत नाही. ती दुकानातच भागते. उधारीही तेथेच मिळते. पाणी किती उतरले, कोणत्या काठाला मरळ लागते, वाम कोणत्या आमिषाला येते, याची बातमी मालाबरोबर फुकट मिळते. इंग्लंडमधील गळकऱ्यांच्या लहान दुकानांचे महत्त्वही असेच स्थानिक माहितीवर उभे राहिले. मात्र तेथील गिऱ्हाईक मुख्यतः हौशी असते, तर येथे त्याचा चरितार्थ त्या खरेदीवर असतो.

म्हणूनच आसाचा प्रश्न गंभीर आहे. बारीक आसाचे जाळे त्या दिवशी अधिक मासळी देते. परंतु त्यात बोटुकली व एकदाही अंडी न घातलेले मासे सापडतात आणि पुढील हंगामातील उत्पन्न घटते. मागणी असलेला माल नाकारला, तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. विकला, तर दोन वर्षांत त्याच गिऱ्हाइकाची उधारी थकते. ही अडचण एकट्या दुकानदाराने सोडविण्यासारखी नाही. तंगुसाचे स्वस्त जाळे तुटून पाण्यात राहिल्यास ते कुजत नाही, मासे मारीत राहते. १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या नाथसागरासारख्या जलाशयावर अशी जाळी पाणपक्ष्यांनाही घातक ठरतात.

अलीकडे तयार जाळी दूरध्वनीवरील चित्र पाहूनही मागविली जातात. त्यांची किंमत पुष्कळदा कमी असते. मात्र धागा चिमटीत ताणून पाहण्याची व आसात बोटे घालून तो मोजण्याची सोय त्यांत नाही.