‘तीन यूजर’ म्हणजे किती? सॉफ्टवेअरचे परवाने आणि आपल्या संस्था

अँटिव्हायरसच्या डब्यावर ‘3 यूजर, 1 वर्ष’ असे छापलेले असते. इंदूरच्या आमच्या लहानशा वाचनालयात असा डबा आला तेव्हा कार्यकारिणीत त्यावर चांगली अर्धा तास चर्चा झाली. संगणकावर बसणारे कार्यकर्ते पाच, मग तिघांचे कसे पुरणार, असा चिटणीसांचा प्रश्न. तर संगणक दोनच, मग एक वाया जाणार, असे खजिनदारांचे म्हणणे. हिशेब खजिनदारांचा बरोबर होता. त्या डब्यावरचा ‘यूजर’ म्हणजे माणूस नव्हे, संगणक. पण त्याच कार्यालयात अंकाच्या मांडणीसाठी जे सॉफ्टवेअर घेतले आहे, त्याच्या करारात ‘यूजर’ म्हणजे खरोखरच एक माणूस आहे. शब्द एक, अर्थ दोन. आणि कोणता अर्थ कुठे लागू, हे दर्शनी भागावर नव्हे, आत बारीक टाइपात लिहिलेले असते.

आपल्या मंडळांत, वाचनालयांत आणि शाळांत हा घोळ वारंवार दिसतो, म्हणून त्याविषयी लिहितो. (लायसन्सला शासकीय मराठीत ‘अनुज्ञप्ती’ म्हणतात. मी ‘परवाना’ म्हणणार आहे; फारसीतून आलेला हा शब्द आपल्या दप्तरांत कधीचाच रुळला आहे.)

मूळ गोंधळ आपल्या पुस्तकी सवयीमुळे होतो. पुस्तक विकत घेतले की ती प्रत आपली. शेजाऱ्याला द्या, वाचनालयाला द्या, नाहीतर रद्दीत घाला. सॉफ्टवेअरच्या बाबतीत आपण बहुधा वापरण्याची परवानगी घेत असतो आणि देणारा त्या परवानगीला हद्द घालतो. शिवाय पुस्तक वाचताना त्याची नक्कल होत नाही, सॉफ्टवेअर मात्र संगणकात उतरवल्याशिवाय चालत नाही, म्हणजे नक्कल करावीच लागते. म्हणून कॉपीराइटचा कायदा इथे पहिल्याच पावलाला आडवा येतो. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्याने संगणकीय प्रोग्रामला ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत बसवले आहे, हे साहित्यिकांना गमतीचे वाटेल. याच कायद्याच्या कलम 52 नुसार, प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे रीतसर आहे त्याला ती ज्या कामासाठी मिळाली त्या कामापुरती नक्कल करता येते, आणि मूळ प्रत गमावण्याच्या किंवा बिघडण्याच्या शक्यतेपोटी एक राखीव नक्कलही ठेवता येते. राखीव नक्कल म्हणजे कपाटात ठेवायची; शेजारच्या संगणकावर चालवायची नव्हे.

तेव्हा कोणताही परवाना हाती आला की पहिला प्रश्न हाच विचारावा: यात मोजले काय आहे?

काही परवाने यंत्र मोजतात. नव्या संगणकाबरोबर आलेली विंडोज त्या यंत्राशीच बांधलेली असते. संगणक दान केला तर तीही त्याच्याबरोबर जाते. एकदाच पैसे भरून मिळणारे मायक्रोसॉफ्ट ऑफिस हेही एका संगणकापुरते. अशा यंत्रावर सकाळी ग्रंथपाल, दुपारी मुद्रितशोधक आणि संध्याकाळी अंकाचे संपादक बसले तरी कोणाची हरकत नाही. पण संपादकांनी तीच किल्ली (म्हणजे अक्षर-आकड्यांचा तो लांबलचक क्रमांक) घरच्या लॅपटॉपवर वापरली, की हद्द ओलांडली गेली.

दुसऱ्या तऱ्हेचे परवाने माणूस मोजतात, आणि तिथे सगळे उलटे होते. मायक्रोसॉफ्ट 365ची ‘पर्सनल’ योजना एका व्यक्तीची. ती व्यक्ती एका वेळी पाच उपकरणांवर लॉग-इन राहू शकते. ‘फॅमिली’ योजना सहा जणांपर्यंत, प्रत्येकाला तशीच पाच उपकरणे. अडोबीच्या क्रिएटिव्ह क्लाउडचा वैयक्तिक परवाना दोन संगणकांवर सुरू करता येतो, मात्र दोन्हींवर एकाच वेळी काम करता येत नाही. अशा परवान्यात एका माणसाचे घर, कार्यालय आणि प्रवास निभावतो. पण कार्यालयातल्या एकाच संगणकावर पाच जण एकच पासवर्ड वापरू लागले, तर संगणक एक असूनही परवाना मोडतो. कारण तिथे मोजायची होती माणसे.

हे समजले की खरेदीचा निर्णय सोपा होतो. एक संगणक आणि दहा हात अशी आपल्या बहुतेक संस्थांची स्थिती आहे. त्यांनी यंत्र मोजणारा परवाना घ्यावा. घरी एक, महाविद्यालयात एक आणि पिशवीत एक संगणक असलेल्या प्राध्यापकाने माणूस मोजणारा घ्यावा. दुकानदार हे आपणहून सांगत नाही. त्याला जे खपवायचे असते ते तो ‘सगळ्यांना चालते’ म्हणून देतो.

तिसरी तऱ्हा मोठ्या संस्थांत असते. सॉफ्टवेअर हवे तितक्या यंत्रांवर असते, पण एका वेळी ठरावीक जणांनाच उघडता येते. ही पद्धत ग्रंथपालांना समजावून सांगावी लागत नाही. एका कादंबरीच्या तीन प्रती असल्या तर सभासद तीनशे का असेनात, बाहेर तीनच जातात आणि चौथ्याला थांबावे लागते.

‘फॅमिली’ योजना संस्थेसाठी घ्यावी का, असे मला बरेच जण विचारतात. स्वस्त पडते हे खरे. पण घरगुती योजना व्यक्तिगत, अव्यावसायिक वापरासाठी असतात, आणि आपले मंडळ कितीही घरोब्याचे असले तरी कराराच्या भाषेत ते कुटुंब नव्हे. शाळा-महाविद्यालयांनी मात्र शैक्षणिक योजनांची चौकशी जरूर करावी. पात्र संस्थांना मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या दोघांच्याही प्राथमिक योजना विनामूल्य मिळतात. फुकट मिळणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर मात्र विश्वास ठेवू नये. दुरून दुसऱ्याचा संगणक हाताळण्यासाठी अनेक जण टीमव्ह्यूअर वापरतात. ते फुकट आहे ते व्यक्तिगत वापरापुरतेच.

‘आपण कुठे धंदा करतो?’ हा प्रश्न सभेत हमखास येतो. कायद्याला तो मान्य आहे, पण अर्धाच. कलम 63-ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली तर किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा व्यापारासाठी नसेल तर न्यायालय कैद वगळून 50 हजारांपर्यंतचा दंड करू शकते. म्हणजे ना-नफा संस्थेला कैदेत सूट मिळू शकते, चुकीला नव्हे. आमच्यासारख्या वाचनालयाला 50 हजार म्हणजे वर्षभराची पुस्तकखरेदी.

एक व्यवहाराची गोष्ट. परवाना कोणाच्या ईमेलवर नोंदला आहे, हे पाहावे. चिटणीसांच्या खासगी ईमेलवर नोंद झाली आणि तीन वर्षांनी चिटणीस बदलले, की संस्थेची वस्तू दुसऱ्याच्या खिशात राहते. संस्थेचा स्वतंत्र ईमेल काढावा, आणि एका वहीत खरेदीची तारीख, बिल, किल्ली, कोणत्या यंत्रावर बसवले आणि मोजणी यंत्राची की माणसाची, एवढे लिहावे. जुना संगणक मोडीत काढण्याआधी त्यावरचा परवाना रीतसर बंद करावा. नाहीतर कंपनीच्या खात्यावर ते मेलेले यंत्र जिवंतच दिसत राहते आणि नव्याला जागा मिळत नाही.

आपल्या भाषेपुरता या मोजणीचा सगळ्यात मोठा फटका वेगळ्याच ठिकाणी बसला आहे. डीटीपीच्या सुरुवातीच्या काळात देवनागरीच्या अनेक व्यावसायिक प्रणालींबरोबर एक ‘लॉक’ येई. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागी खोचायची ती बोटभर डबी. डबी असेल तिथेच प्रणाली चाले. परवाना अक्षरशः हातात धरता येई. पुढे त्या जागेची खोबणच नव्या संगणकांतून गेली. आमच्याकडे एका कंपनीच्या प्रणालीत जुळवलेले जुने वार्षिक अंक आहेत, आणि ते नीट उघडणारा संगणक आता एकच. कंपनीने जुन्या लॉकऐवजी पूर्ण नव्याने खरेदी करा असे सांगितले. त्या फाइली दुसरीकडे उघडल्या तर मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा कचरा दिसतो, कारण प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या घरांत आपापल्या मर्जीने देवनागरीचे तुकडे बसवले होते. परवाना एका यंत्राचा होता. त्यात मजकूर अडकला तो मात्र लेखकांचा.

हे अंक युनिकोडमध्ये आणण्याचे काम आम्ही सुरू केले आहे. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण डोळे मिटून भरवसा ठेवण्यासारखी नाहीत. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर, जसे दिसते तसे साठवलेले असे. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो. त्यामुळे ‘कीर्ती’, ‘स्थिती’ असे शब्द एकेक करून तपासावे लागतात, आणि ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला र तर हमखास मोडतो. ज्यांच्याकडे असा लॉक अजून चालू आहे, त्यांनी हे काम याच वर्षी हाती घ्यावे.

नव्या मजकुरासाठी मोजणीची कटकटच नको असेल तर तशीही सोय आहे. लिब्रेऑफिस कितीही संगणकांवर बसवता येते. ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली दिलेले फॉन्ट वापरावेत, वाटावेत, त्यांत बदलही करावेत, फक्त फॉन्टच स्वतंत्र विकू नये, आणि बदललेल्याला राखून ठेवलेले मूळ नाव देऊ नये. त्यात छापलेल्या पुस्तकावर कसलेही बंधन येत नाही. एक टाइपचा ‘मुक्त’ याच परवान्याचा. विंडोजबरोबर येणारे ‘मंगल’ किंवा ‘कोकिळा’ त्या संगणकावर खुशाल वापरावेत, पण त्यांच्या फाइली पेन ड्राइव्हवर घालून वाटण्याचा हक्क आपल्याला नाही, हा फरक ध्यानात असू द्यावा.

आम्ही आमच्या अंकासाठी ‘तिरो देवनागरी मराठी’ निवडला, तोही मुक्त परवान्याचा. हिंदीच्या शेजारी राहणाऱ्या आम्हा मंडळींना छापखान्यातून सदैव हिंदी वळणाचे ल आणि श मिळत आले. यात ते मराठी वळणाचे आहेत. फॉन्टची फाइल आमच्या बडोद्याच्या एका लेखिकेला ईमेलने पाठवली. त्यांनी ती स्वतःच्या लॅपटॉपवर आणि शाळेच्या तीन संगणकांवर बसवून घेतली आहे, आणि या वर्षीची मुद्रिते त्यांच्याकडेच तपासली जात आहेत.