अग्नीने रंगविलेला पेला

मुठीत मावेल एवढा मातीचा एक पेला. त्याला कान नाही, त्यावर चित्र नाही, चकचकीत झिलईही नाही. रंग फिकट बदामी, आणि त्या बदामी अंगावर केशरी-लाल रंगाचे काही पट्टे वेडेवाकडे धावत गेलेले. प्रथम पाहणाऱ्याला वाटते, कुणा चित्रकाराने कुंचल्याचे चार फटकारे मारले असावेत. पण या पेल्याला कुंचल्याचा स्पर्शही झालेला नाही. भट्टीत जाण्यापूर्वी त्यावर रंगाचा एक थेंबही नव्हता. मग हे लाल पट्टे आले कोठून?

हा पेला जपानमधील बिझेन येथील आहे. ओकायामा प्रांतातील या गावी, विशेषतः त्याच्या इंबे नावाच्या भागात, सुमारे आठशे वर्षांहून अधिक काळ मातीची भांडी घडविली जात आहेत. जपानी भाषेत अशा पेल्याला ‘गुइनोमी’ म्हणतात. याहून लहान असतो तो ‘ओचोको’, आणि ज्या बारीक गळ्याच्या सुरईतून पेय ओततात ती ‘तोक्कुरी’. यांतून ‘साके’ हे तांदूळ आंबवून केलेले मद्य पितात. आपल्याला त्या पेयाशी कर्तव्य नाही, पेल्याशी आहे. कारण या एवढ्याशा पेल्यात भूशास्त्र, भौतिकी आणि रसायनशास्त्र यांचे कितीतरी धडे दडलेले आहेत.

भातखाचराखालची माती

बिझेनच्या कुंभाराचे काम चाकापासून सुरू होत नाही, ते शेतापासून सुरू होते. तेथील उत्तम माती भातखाचरांच्या तळाशी, काही मीटर खोल सापडते. तिला ‘हियोसे’ असे नाव आहे. आजूबाजूच्या डोंगरांतील खडक झिजून त्यांचा बारीक गाळ हजारो वर्षे सखल भागात साठत गेला, त्यापासून ही माती तयार झाली. ती अतिशय चिकट व मऊ असते. तिच्यात लोह बऱ्यापैकी असते आणि कुजलेल्या वनस्पतींचे अंशही असतात. खणून काढलेली माती लगेच वापरीत नाहीत. ती ऊनपावसात टाकून ठेवतात, पाण्यात कालवून खडे वेगळे करतात आणि पुन्हा मुरत ठेवतात. या मुरवणीला कित्येक महिने, कधी कधी वर्षेही लागतात.

या मातीत एक मोठा गुण आहे आणि एक मोठी खोडही आहे. गुण असा की ती चिकट असल्यामुळे चाकावर हवी तशी वळते. खोड अशी की वाळताना आणि भाजताना ती फार आकसते. समजा, एखादी माती सर्व बाजूंनी १५ टक्के आकसते. मग १० सेंटिमीटर उंचीचा ओला पेला भाजल्यावर ८.५ सेंटिमीटर उरेल. पण त्याच्या पोटातील जागेचे काय? ती लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांनी कमी होते. ०.८५ × ०.८५ × ०.८५ हा गुणाकार करून पाहा. उत्तर येते सुमारे ०.६१. म्हणजे १०० घन सेंटिमीटर मावणाऱ्या पेल्यात शेवटी फक्त ६१ घन सेंटिमीटर मावेल! मुठीत नेमका बसणारा पेला हवा असेल, तर कुंभाराला चाकावर मुठीपेक्षा मोठा पेला घडवावा लागतो. हा हिशेब तो कागदावर मांडीत नाही, त्याच्या बोटांनाच तो ठाऊक असतो.

अशा आकसणाऱ्या मातीवर झिलईचा थर नीट धरत नाही. म्हणून बिझेनच्या कुंभारांनी झिलईचा नाद सोडला. इतर गावांत हिरव्या, पांढऱ्या, काळ्या झिलईची भांडी होत असताना बिझेनची भांडी उघड्या अंगाचीच राहिली. जी मातीची उणीव होती, तिचीच पुढे शोभा झाली.

चाकावरचा खेळ

लहान पेले घडविताना कुंभार प्रत्येकासाठी वेगळा गोळा घेत नाही. मातीचा मोठा उंच गोळा चाकाच्या मध्यावर बसवितो आणि त्याच्या शेंड्याचा एक पेला वळतो. मग दोऱ्याने तो खालून कापून बाजूला ठेवतो आणि उरलेल्या गोळ्याच्या शेंड्यावर लगेच दुसरा सुरू करतो. फिरत्या चाकावर दोरा आत शिरताना पेल्याच्या बुडावर शंखासारखी वळणे उमटतात. जपानमधील जाणकार मनुष्य पेला हाती घेतला, की तो उलटा करून बूड आधी पाहतो, ते यासाठीच. घडविणाऱ्याच्या हाताची खूण तेथे सर्वांत स्पष्ट दिसते.

पेल्याची जाडीही विचार करून ठेवलेली असते. साके पुष्कळदा गरम करून पितात. पेल्याला कान नसतो, तो थेट हातात धरायचा. भाजलेली माती उष्णतेची मंदवाहक आहे. त्यामुळे जाड भिंतीचा पेला हाताला चटका देत नाही, फक्त ऊब देतो.

दहा दिवसांची आग

आता भट्टीकडे वळू. आपल्याकडील पाण्याचा माठ साधारणपणे ७०० ते ९०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजलेला असतो. त्याच्या भिंतीत असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात, त्यांतून पाणी झिरपते, त्याचे बाष्पीभवन होते आणि आतले पाणी गार होते. बिझेनच्या भट्टीचे तापमान मात्र १२०० अंशांच्या वर जाते. एवढ्या उष्णतेत मातीतील काही घटक वितळून काचेसारखे होतात आणि कणांमधील फटी भरून काढतात. त्यामुळे झिलई नसूनही पेला झिरपत नाही आणि टिचकी मारल्यास धातूसारखा खणखणतो.

हे तापमान एकदम गाठता येत नाही. १०० अंशांच्या आसपास मातीत उरलेल्या पाण्याची वाफ होते. घाई केली तर ती वाफ पेला फोडून बाहेर पडते. ५०० अंशांच्या पुढे मातीच्या रेणूंत रासायनिक रीतीने बांधलेले पाणीही निघून जाते. ५७३ अंशांना क्वार्ट्झच्या कणांची स्फटिकरचना बदलते आणि त्यांचे आकारमान एकाएकी वाढते. थंड होताना याच ठिकाणी ते एकाएकी घटते. म्हणून तापविणेही सावकाश आणि निवविणेही सावकाश. बिझेनची भट्टी लाल पाइन वृक्षाच्या लाकडावर दहा ते चौदा दिवस रात्रंदिवस पेटती ठेवतात, आणि विझल्यावर ती निवायला जवळजवळ आठवडा देतात. वर्षातून एकदा किंवा दोनदाच भट्टी लागते. त्या काही दिवसांत चूक झाली, तर कित्येक महिन्यांचे श्रम वाया जातात.

या काळात भट्टीत निरनिराळ्या जागी निरनिराळ्या गोष्टी घडतात. ज्वालेबरोबर उडालेली राख पेल्यांवर बसते. राखेत कॅल्शियम व पोटॅशियम असतात. त्यांचा मातीतील सिलिकाशी संयोग होऊन पिवळसर-हिरवट काचेचे ठिपके तयार होतात. तीळ भुरभुरल्यासारखे ते दिसतात, म्हणून त्यांना ‘गोमा’ म्हणजे तीळ असेच नाव पडले. जे पेले निखाऱ्यांत आणि राखेत अर्धवट पुरले जातात, त्यांना ऑक्सिजन मिळत नाही. तेथे मातीतील फेरिक ऑक्साइडचे क्षपण होते आणि रंग राखाडी, निळसर किंवा काळा होतो. या प्रकाराला ‘सांगिरी’ म्हणतात. एकाच मातीचे, एकाच हाताने केलेले आणि एकाच भट्टीतून निघालेले दोन पेले सारखे नसतात, त्याचे कारण हे आहे.

पेंढ्याचे गुपित

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. ते लाल पट्टे कशाचे?

भट्टीत जागा मोलाची. म्हणून लहान भांडी मोठ्या भांड्यांच्या पोटात किंवा एकमेकांवर रचून ठेवीत. पण तापल्यावर ती एकमेकांना चिकटत. चिकटू नयेत म्हणून कुंभार त्यांच्या मध्ये भाताचा पेंढा घालीत. यात सौंदर्याचा विचार मुळीच नव्हता. परंतु भट्टी उघडल्यावर दिसे, की पेंढा तर जळून गेला आहे आणि जेथे तो टेकला होता नेमक्या तेथेच लाल रेघ उमटली आहे! पुढे कुंभार मुद्दाम पेंढा गुंडाळू लागले. या रेघांना ‘हिदासुकी’ म्हणतात. किमोनोच्या रुंद बाह्या कामाच्या वेळी मागे बांधण्यासाठी जी दोरी वापरतात ती ‘तासुकी’. तेव्हा हिदासुकी म्हणजे अग्नीची दोरी.

पेंढ्याने रेघ उमटते हे कुंभारांना शेकडो वर्षे ठाऊक होते. ती का उमटते हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. योशिहिरो कुसानो, जुन ताकादा आणि त्यांचे सहकारी या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी हा प्रश्न हाती घेतला. बिझेनच्या मातीच्या लहान वड्या करून त्यांवर पेंढा ठेवून त्यांनी त्या प्रयोगशाळेत तापविल्या, निवविल्या आणि क्ष-किरण व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांच्या साहाय्याने तपासल्या. २०१० मध्ये त्यांनी या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातून जे दिसले ते थक्क करणारे आहे.

भाताच्या पेंढ्यात पोटॅशियम भरपूर असते. पेंढा जळला, तरी ते मागे राहते आणि मातीच्या पृष्ठभागात शिरते. पोटॅशियममुळे मातीचा वितळण्याचा बिंदू खाली येतो आणि पेंढा टेकलेल्या जागी द्रवाचा एक पातळ थर तयार होतो. या थरात प्रथम ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सूक्ष्म स्फटिक वाढतात. या खनिजाला कुरुविंद म्हणतात. माणिक आणि नीलम ही रत्ने म्हणजे कुरुविंदाचीच रूपे! नंतर भट्टी सावकाश निवू लागली, की मातीतील लोह या स्फटिकांच्या कडांवर हेमॅटाइटच्या रूपाने जमू लागते. हेमॅटाइट म्हणजे फेरिक ऑक्साइड. गेरूला लाल रंग येतो तो यामुळेच. हेमॅटाइट आणि कुरुविंद यांची अणूंची मांडणी एकाच धर्तीची असते. म्हणून एका भिंतीवर तशाच विटांची दुसरी भिंत चढवावी, तसे हेमॅटाइट कुरुविंदावर व्यवस्थित वाढते. निवविण्याची घाई केली, तर असे स्फटिक वाढायला वेळच मिळत नाही. दहा-बारा दिवसांच्या आगीनंतर आठवडाभर वाट पाहण्याचा कुंभारांचा रिवाज हा केवळ रिवाज नव्हता, तर त्यामागे असे शास्त्र होते.

विस्मरण आणि पुनर्जन्म

सोळाव्या शतकात चहापानविधीचे थोर आचार्य सेन नो रिक्यू यांच्या काळात साध्या, खडबडीत भांड्यांना मोठा मान होता. पुढे सतराव्या शतकात जपानमधील आरिता येथे पांढरी शुभ्र चिनी मातीची भांडी होऊ लागली. लोकांची आवड पालटली आणि बिझेन मागे पडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर तेथील भट्ट्यांतून सांडपाण्याचे नळ आणि विटा निघू लागल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस धातूची टंचाई पडली, तेव्हा जपानमधील कुंभारांकडून मातीचे हातबाँब करून घेण्यात आले. पेले घडविणाऱ्या गावांवर ही वेळ आली होती!

बिझेनची कला यातून तगली, ती प्रामुख्याने कानेशिगे तोयो (१८९६–१९६७) यांच्यामुळे. त्यांनी सोळाव्या शतकातील जुनी भांडी बारकाईने अभ्यासली. त्यांची माती कशी असेल, ती कशी मुरविली असेल, आग कशी दिली असेल, याचे प्रयोग वर्षानुवर्षे केले. बऱ्याच गोष्टी कोणी लिहून ठेवलेल्या नव्हत्या. बाप मुलाला हाताने शिकवी, आणि मध्ये एक पिढी गळली की साखळी तुटे. त्या तुटलेल्या कड्या कानेशिगे यांनी पुन्हा जोडल्या. जपान सरकारने १९५६ मध्ये त्यांचा गौरव केला. हा मान मिळालेल्या कलावंतांना तेथे ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतात. २०१७ मध्ये बिझेनसह जपानमधील सहा प्राचीन भट्टीगावांना ‘जपानचा वारसा’ म्हणून मान्यता मिळाली.

तरीही काळजी संपलेली नाही. हियोसे माती एकदा खणली, की ती पुन्हा तयार व्हायला हजारो वर्षे लागतात. लाल पाइनच्या जंगलांना विसाव्या शतकात एका सूत्रकृमीच्या रोगाने मोठा तडाखा दिला. माती, लाकूड, पेंढा आणि हात या चौघांपैकी एक जरी नाहीसा झाला, तरी हा पेला होणार नाही. शास्त्रज्ञांना लाल रेघेचे उत्तर मिळाले, कारण ती रेघ काढणारे कुंभार तोवर टिकून राहिले होते. ते आधीच संपले असते, तर प्रश्नही त्यांच्याबरोबर गेला असता.

बिझेनबद्दल आणखी एक समजूत आहे. या भांड्यात ठेवलेले पाणी लवकर बिघडत नाही, असे तेथील लोक पूर्वापार सांगत आले आहेत. ही समजूत खरी की खोटी, हे ऐकून ठरवू नका. कोणता प्रयोग केला म्हणजे ते कळेल? तुलनेसाठी कोणती भांडी घ्यावी लागतील? पाणी, तापमान, झाकण यांपैकी काय काय सारखे ठेवावे लागेल? वर्गात गुरुजींबरोबर यावर चर्चा करा.

करून पाहा : आपल्या भागातील चिकणमाती चाळून, भिजवून, चांगली मळून घ्या. तिची १२ सेंटिमीटर लांब व १ सेंटिमीटर जाड पट्टी करा. तिच्यावर चाकूच्या टोकाने बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. पट्टी सावलीत ठेवून रोज एकाच वेळी ती रेघ मोजा आणि वहीत नोंद करा. लांबी बदलेनाशी झाली, की माती किती टक्के आकसली ते काढा. मग दुसऱ्या एका पट्टीत थोडी बारीक वाळू मिसळून तोच प्रयोग पुन्हा करा. दोन उत्तरांत फरक का पडला, याचा विचार केलात, तर कुंभार आपली माती इतक्या चोखंदळपणे का निवडतो, हे तुमचे तुम्हालाच उमगेल.