स्मृति-क्रम, संगणकीय

एकाच सामाईक स्मृतीवर अनेक संस्कारक काम करीत असता एका संस्कारकाची लेखने व वाचने इतरांना कोणत्या क्रमाने दिसतील, हे ठरविणाऱ्या नियमांस स्मृति-क्रम म्हणतात [⟶ संगणक]. आज्ञावलीत आज्ञा ज्या क्रमाने लिहिलेल्या असतात त्याच क्रमाने त्यांचे परिणाम सर्वत्र दिसतात, असा सर्वसाधारण समज आहे. एकच संस्कारक असेल तेथे तो व्यवहारात खरा ठरतो. अनेक असतील तेथे तो फसवा आहे.

संस्कारक हा स्मृतीपेक्षा कितीतरी पट वेगवान असतो. म्हणून लेखन पूर्ण होण्याची वाट न पाहता तो ते बफरमध्ये ठेवून पुढील आज्ञेकडे वळतो आणि काही वाचने आधीच उरकून घेतो. ठाण्याहून कल्याणला दोन चिठ्ठ्या पाठविल्या, पहिली कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर असे थांबे घेणाऱ्या धीम्या गाडीने व दुसरी मागाहून सुटलेल्या जलद गाडीने, तर दुसरी आधी पोहोचू शकते. पहिलीत मालाची नवी यादी आणि दुसरीत ‘यादी पोहोचली, कामास लागा’ एवढाच निरोप असेल, तर कल्याणचा माणूस जुन्याच यादीप्रमाणे माल काढील. संगणकात एक संस्कारक आधी माहिती लिहितो व मग ‘माहिती तयार’ अशी खूण करतो. दुसऱ्याला खूण दिसते, पण माहिती जुनीच मिळते.

सर्व क्रिया जणू एकामागून एक घडल्या असे दिसावे, ही अनुक्रमिक सुसंगतीची अट लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७९ मध्ये मांडली. ती पाळण्यासाठी वेगाचा त्याग करावा लागतो. म्हणून उत्पादकांनी ती कमीअधिक प्रमाणात सोडून दिली. एक्स-८६ जातीच्या संस्कारकांत सामान्यतः लेखनानंतरचे दुसऱ्या स्थानावरील वाचन तेवढे आधी उरकले जाऊ शकते. एआरएम व पॉवर यांत लेखन-वाचनाच्या बहुतेक सर्व जोड्यांची अदलाबदल संभवते. पॉवरमध्ये तर दोन स्वतंत्र लेखने दोन निरीक्षक संस्कारकांना परस्परविरुद्ध क्रमाने दिसू शकतात. १९९२ मध्ये पुढे आलेला अल्फा याहून विलक्षण होता. एखादा पत्ता वाचून त्या पत्त्यावरील मजकूर वाचला, तरी पत्ता नवा व मजकूर जुना मिळणे त्यात शक्य होते.

यावर उपाय म्हणजे स्मृति-रोध. रोधापूर्वीच्या क्रिया त्यानंतरच्या क्रियांआधी दिसतील, अशी हमी ही आज्ञा देते. रोध जोडीनेच लागतात. कल्याणच्या माणसाने निरोप येण्यापूर्वीच यादी पाहून ठेवली असेल, तर ठाण्याने घेतलेली काळजी व्यर्थ जाते. सामाईक माहितीला कुलूप घालण्याच्या पद्धतीत हे रोध कुलपातच अंतर्भूत असतात. मात्र कुलपापाशी इतरांना ताटकळावे लागते. म्हणून परिचालन प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, कुलूपरहित पद्धती वापरतात. लिनक्समध्ये २००२ पासून असलेल्या ‘रीड-कॉपी-अपडेट’ पद्धतीत वाचक कुलूप घेतच नाहीत. लेखक नवी प्रत तयार करून शेवटी केवळ तिचा पत्ता जाहीर करतो. येथेच अल्फाचा विक्षिप्तपणा भोवत असे. २०१८ च्या ४.१५ या आवृत्तीत त्यासाठीचा रोध एका सर्वसाधारण वाचन-क्रियेत समाविष्ट झाला.

लिनक्स कर्नेल एक्स-८६ संगणकांवर चालते, तसेच अँड्रॉइड फोनमधील एआरएम संस्कारकांवरही. त्यामुळे डोंबिवलीतील एखाद्या कार्यालयातल्या संगणकावर वर्षभर बिनचूक चाललेला भाग फोनवर क्वचितच, पण अनर्थकारक रीतीने चुकू शकतो. असा दोष चाचणीत हमखास सापडेलच असे नाही. तो तर्कानेच शोधावा लागतो.

या तर्काला आधार देण्याच्या कार्यात मुंबईच्या आय. आय. टी.च्या पदवीधर सरिता अडवे यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी व मार्क हिल यांनी १९९० मध्ये स्मृति-क्रमाकडे यंत्र आणि आज्ञावली यांच्यातील करार म्हणून पाहिले : समन्वयाच्या क्रिया स्पष्ट दर्शवून स्पर्धारहित आज्ञावली लिहिल्यास यंत्राने तिला अनुक्रमिक सुसंगती दाखवावी. जावा व सी++ या भाषांचे नियम याच विचारावर उभे आहेत. लिनक्स कर्नेलने मात्र स्वतःचे वेगळे नियम ठेवले. त्यांचे औपचारिक प्रतिमान २०१८ मध्ये कर्नेलमध्ये समाविष्ट झाले.

प्रत्येक संस्कारकाला स्वतंत्र स्मृती देऊन हा प्रश्न बराचसा टाळताही येतो. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा १९९१ मधील परम ८००० हा महासंगणक तसा होता. त्यातील ट्रान्सप्यूटर एकमेकांना संदेश पाठवीत.